मठाच्या पायरीपर्यंत

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि मनात चित्र आणा. निजामाचं राज्य आहे. चितेगावहून औरंगाबादेला जाणारा मातीचा रस्ता आहे. ऊन अजून कोवळं आहे. त्या रस्त्यानं फकिरा आणि त्याचा अकरा वर्षांचा मुलगा बन्सी चालले आहेत. दोघांनी एकमेकांचा हात घट्ट धरला आहे. तुम्ही त्यांच्या मागून चार पावलांवर चाला. बोलू नका, नुसतं ऐका.

दोघं मठात निघाले होते. मठ शहराला लागून, खाम नदीच्या काठी. फकिराच्या घरानं त्या मठाला एक लेकरू कबूल केलं होतं.

एका वर्षी गावात पटकीची साथ आली, तेव्हा बन्सीची आजी दगडाबाई बोलून गेली, लेकरू वाचलं तर मठाला देईन. लेकरू वाचलं. आजीनं त्याला पायरीपर्यंत नेलंही. पण त्या मठाची रीत अशी, की मठानं कुणाला ओढून घ्यायचं नाही. रक्ताच्या माणसानं हात धरून आणायचं आणि पायरीपाशी तो हात आपण होऊन सोडायचा. दगडाबाईला सोडवला नाही. ती लेकराला घेऊन तशीच परत आली. पुढं मरेपर्यंत ती मठाच्या दिशेला तोंड करून जेवली नाही.

मठातून कधी निरोप आला नाही. नवसाचं कुणी बोललंही नाही. पण ओढ घरातच होती, आणि ती बन्सीच्या आईनं, आशाबाईनं ओळखली. ताटावर बसलेलं माणूस घास हातात धरून कुठंतरी बघत राहतं, हाक मारली की दचकतं. तिनं पुष्कळ दिवस बघितलं. मग एका सकाळी भाकरी थापता थापता ती सगळ्यांदेखत म्हणाली,

"अंग इथं अन् जीव तिकडं. आता धरून ठेवायचं नाय."

थोरला मुलगा बद्रीनाथ चुलीपासून उठला. शेत आता तोच बघत होता. "मी नाय येणार मठात. माझ्याच्यानं बघवायचं नाय," एवढं बोलून तो गोठ्यात गेला.

"मी जातो," बन्सी म्हणाला.

निघताना आशाबाईनं बन्सीच्या तोंडावरून हात फिरवला. "पायरीवर रडू नको. अन् एकदा निघालास की मागं वळून बघू नको." फकिराच्या सदऱ्याची गुंडी उघडी होती, तेवढी लावून दिली.

अर्ध्या वाटेत गावातल्या नूरमोहम्मदचा छकडा मागून आला. पेरूच्या पाट्या घेऊन तो शहरात निघाला होता.

"ओ फकिराभाऊ! कशाला पाय झिजवता? बसा की!"

"आज पायीच जायचं हाय."

"अन् हे धाकटे नवाब? यांचे पाय दुखत नाय?"

"नाय दुखत," बन्सी म्हणाला. "तुमच्या बैलांच्या आधी पोचतो, चाचा."

"ऐकलं का रे?" नूरमोहम्मद बैलांना म्हणाला. "घाला माना खाली!"

हसता हसता त्यानं विचारलं, "चाललात कुठं पण?"

"मठात," फकिरा म्हणाला.

नूरमोहम्मदचं हसू गेलं. त्याला सगळं ठाऊक होतं. त्यानं पाटीतला मोठासा पेरू निवडून बन्सीच्या हातावर ठेवला.

"दुपारी पैठण दरवाजाशी हाय मी. परतीला जागा ठेवतो."

"एकच ठेव," फकिरा म्हणाला.

छकडा पुढं गेला. बन्सीनं पेरू दातानं तोडून अर्धा बापाला दिला.

"बा, मठात काय खायला असतं?"

"भिक्षा मागून आणायची. मिळंल ते."

"अन् नाय आवडलं तर?"

"तसं नसतंय तिथं."

"घरी येता येतं का?"

"नाय. पण भेटायला आलेलं चालतंय."

"पोळ्याला?"

"पोळ्याला."

"बद्रीदादाला पण आणायचं."

"आणायचं." फकिरानं पेरूचा घास उगाच चघळत ठेवला होता. "भीती वाटतीया का रे?"

"थोडी," बन्सी म्हणाला. "तुम्हाला?"

"मलाबी. जायचं तर लई मनात असतंय, बन्सी. पण पाय जड होतेत."

पैठण दरवाजावर पहारेकऱ्यानं दोघांकडं एकदा बघितलं आणि हातानंच ‘जाओ’ म्हटलं. औरंगपुऱ्याच्या गल्लीत हातगाड्या, उंट, अत्तरवाले, तांब्याची भांडी ठोकणारे. एरवी बन्सी प्रत्येक दुकानापाशी थांबला असता. आज तो बापाला चिकटून चालत राहिला. दोघांच्या तळव्यांना घाम आला होता, तरी कुणी हात बदलला नाही.

बाळांनो, इथं तुम्हीही जरा हळू चाला. मठ आला.

दगडी पायऱ्या, वर लहानसं दार, खाली नदी. नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं. म्हातारे महंत बाहेर आले. त्यांनी दोघांकडं बघितलं, जोडलेल्या हातांकडं बघितलं आणि रीतीप्रमाणं विचारलं,

"देणारा कोण?"

फकिरानं बन्सीकडं बघितलं. महंतांनी घाई केली नाही. ते उभे राहिले.

"मी," बन्सी म्हणाला. "माझ्या बाला आणलंय. आजीनं कबूल केलेलं लेकरू ते हेच." आणि एकेक बोट सोडवत त्यानं आपला हात मोकळा केला, बापाला पायरी चढू दिली, आणि एकटाच रस्त्याला लागला.