वायरवरचे बोंबील

दगडाबाईने बोंबलांची विसावी जोडी केबलच्या वायरवर टाकली आणि बी-बिल्डिंगच्या तिन्ही मजल्यांवरून एकदम ओरडा झाला. मॅच चालू होती, सात ओव्हर उरल्या होत्या, आणि घराघरातल्या टीव्हीवर मुंग्या आल्या होत्या.

ओरडा ऐकून तिला बरे वाटले. त्याचसाठी तर तिने आजचा दिवस धरला होता. टोपलीतून आणखी दोन ओले बोंबील उचलून तिने एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि तीही जोडी लटकवली. वायर आणखी खाली आली.

कळव्याला खाडीच्या कडेला तिचे घर, पुढे अंगण, आणि अंगणाच्या दोन बाजूंना दोन बिल्डिंगा. केबलवाल्या चंदूची डिश ए-बिल्डिंगवर होती. बीला कनेक्शन द्यायचे तर वायर हिच्या अंगणावरून न्यायला हवी आणि ती बांधायला मध्ये हिचाच बांबू. चंदूने हाताला लागले ते जोडले होते. अर्धी जाड काळी केबल, अर्धी जुन्या अँटेनाची चपटी वायर. दोन टोके सोलून पीळ दिला आणि वर टेप गुंडाळली. "मावशी, दोन्ही वायरींचा मेळ नाही, पण चालून जाईल," तो म्हणालेला. "फक्त वजन नको पडायला." दगडाबाईने त्याला चहा पाजला, तोही इतक्या गोडीने की पोरगा चक्रावला.

याच अंगणात गेल्या वर्षीपर्यंत तिच्या वलांड्या होत्या, बोंबील सुकवायच्या बांबूंच्या चौकटी. वास येतो म्हणून बीच्या सोसायटीने सह्या गोळा केल्या, माणसे आणली आणि वलांड्या मोडून टाकल्या. अर्धे सुकलेले बोंबील गटारात गेले. तेव्हापासून ती ओला माल पडेल त्या भावात विकत होती आणि वरच्या मजल्यांना रोज मनातल्या मनात शिव्या घालत होती. एक बांबू तेवढा मोडायचा राहिला होता.

सेक्रेटरी विठ्ठलराव धावत खाली आले. लेंगा, बनियन आणि नाकाला रुमाल. वलांड्या मोडायला माणसे यांनीच आणली होती.

"दगडाबाई, काढा हे आधी! वजनाने जोड सुटलाय, काही दिसत नाहीये वर!"

"हात नय लावाचा," दगडाबाई म्हणाली. "येक जरी बोंबील काढलास, त मी बांबू उपटीन. बांबू माजा हाय."

"अहो, ही काय सुकवायची जागा आहे का?"

"जागा व्हती. तूच मोरलीस."

विठ्ठलराव काही बोलणार, तेवढ्यात गॅलरीतून कोणीतरी खेकसले, "सेक्रेटरी, भांडत काय बसलात? मॅच घालवाल!"

"राहू देत हो ते बोंबील! वायरचं बघा!"

दगडाबाईने मान वर करून एकेक तोंड नीट पाहून घेतले. सह्या करणारी सगळी तोंडे तिथे होती. तिचे काळीज गार झाले. घरातून तिने स्वतःच स्टूल आणून विठ्ठलरावांपुढे ठेवले.

ते वर चढले. लोंबणारी वायर एका हाताने उचलून बघितली, पण जोड काही बसेना. दोन्ही हात लावायला हवे होते. मग त्यांनी नाकावरचा रुमाल सोडला, दोन्ही टोके एकमेकांवर दाबली आणि वायर डोक्याच्या उंचीला धरली. दोन्ही गालांना बोंबील लागले. एकाचे पाणी गळ्यावरून बनियनमध्ये उतरले.

"आलं! अहो, आलं!" दुसऱ्या मजल्यावरून त्यांची बायको मालन ओरडली. "तस्सेच धरा, अजिबात हलू नका!"

वर टाळ्या पडल्या. कोणीतरी चौकार मारला असावा. गॅलऱ्या पटापट रिकाम्या झाल्या.

"बाई," विठ्ठलराव ओठ मिटल्यासारखे करत म्हणाले, "किती वेळ धरू?"

दगडाबाईने कपाळावर हात आडवा धरून उन्हाकडे बघितले.

"सुकतील तवर. ऊन बरा हाय. तीन दिस लागतील."