उजव्या बाजूची स्प्रिंग

घोटीच्या भातगिरणीवाल्या रंगनाथरावांची सत्तेचाळीस सालची मोटार अठ्ठ्याहत्तर साली पंचवटीतल्या भिकन मिस्त्रीच्या दारात आली, ती उजवीकडे पार कलूनच. चालवणारे रंगनाथराव दाराला चिकटलेले आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी साळूबाई घसरून त्यांच्या खांद्याला टेकलेल्या.

“टायर घासाया लागला, मिस्त्री,” रंगनाथराव म्हणाले.

“पुढची उजवी स्प्रिंग बसलीय. बदलतो.”

नुसत्या जॅकच्या भरवशावर भिकन कधी गाडीखाली जायचा नाही. त्यानं मागच्या चाकांना दगड लावले, चासीखाली सागाचे ठोकळे सरकवले, दाबलेली स्प्रिंग अंगावर उसळू नये म्हणून साखळीनं जखडली. तरी साळूबाईंचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. स्टुलावरून उठायच्या, बसायच्या, पुन्हा विचारायच्या, “चालत व्हती की गाडी! कराया पायजेच का?”

बाई आपल्यासाठी घाबरली, असं वाटून भिकन गाडीखालूनच म्हणाला, “काळजी नका करू मावशी, आता ही हलायची नाही.”

तीन तासांनी गाडी सरळ उभी राहिली. नवरा-बायको एक चक्कर मारून आले, तेव्हा दोघांच्या मधे हातभर जागा होती. रंगनाथराव खुशीत नळावर हात धुवायला गेले, तशी साळूबाईंनी भिकनला खिडकीशी बोलावलं.

 

“मिस्त्री, चार लोकांत नवऱ्याच्या खांद्याला टेकायचं म्हंजे आमच्यात लय वंगाळ. बावीस वर्सं गाडीच्या नावावर खपून गेलं. ती जुनी स्प्रिंग परत बसंल का?”