चिठ्ठ्यांचं हेल्मेट

पिवळे झेंडे टेबलावर तसेच पडून होते. उचलायला माणूस नव्हता. बाहेर गाड्या गुरगुरत होत्या आणि मोटार शर्यत संघटनेच्या पत्र्याच्या ऑफिसात ताई फोनवर फोन लावत होती. दर शर्यतीला झेंडा धरायला येणाऱ्या पोस्टमनकाकांनीही आज साफ नकार दिला. मागच्या वेळी त्यांनी बेकरीवाल्याला वेग कमी करायचा झेंडा दाखवला, तर त्याने सगळ्यांदेखत त्यांची अक्कल काढली होती. फुकट राबायचं आणि वर शिव्या खायच्या, हे कुणी सांगितलंय, असं ते म्हणाले. ताईला त्यांना दोष देता येईना.

प्रत्येक वळणावर झेंडा धरायला माणूस नसेल तर शर्यत सुरू करायची नाही, असा नियम होता. आणि आज शर्यत झाली नाही तर मैदानाचा मालक पुढच्या वर्षी जागा देणार नव्हता. म्हणजे संघटनेचा कारभार आटोपलाच. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी बेकरीवाला येऊन विचारून गेला, चहा गार कसा? दातांचे डॉक्टर म्हणाले, नळापाशी चिखल झालाय. टायरचं दुकान चालवणारे अध्यक्ष हातमोजे चढवत म्हणाले, बघा ना ताई काहीतरी, पटवा कुणाला तरी, आजच्यापुरतं म्हणावं.

हे 'आजच्यापुरतं' त्यांचंच. याच एका शब्दावर त्यांनी अख्खी संघटना चालवली होती. दोर बांधायला आजच्यापुरतं, मैदान झाडायला आजच्यापुरतं. स्वतः मात्र उंटावरून शेळ्या हाकणार. लष्कराच्या भाकऱ्या ताईने भाजायच्या आणि करपल्या म्हणून नाकं यांनी मुरडायची. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन ठेवला आणि चिठ्ठ्या लिहायला घेतल्या.

कोणाची गाडी कितव्या जागेवरून सुटणार, ते इथे चिठ्ठ्या उचलून ठरायचं. त्यासाठी एक जुनं लाल हेल्मेट होतं. ते उलटं ठेवायचं आणि त्यात चिठ्ठ्या टाकायच्या, ही पहिल्यापासूनची रीत. दर शर्यतीआधी ताई ते पुसून ठेवायची. आजही तिने ते पुसलं, चिठ्ठ्या टाकल्या आणि सगळ्यांना आत बोलावलं.

डॉक्टरांना पहिली जागा मिळाली. ते खूश झाले. बेकरीवाल्याच्या चिठ्ठीवर 'दुसरं वळण' लिहिलेलं होतं. चुकून लिहिलं गेलं असेल, असं त्याला वाटलं. पण पुढच्याच्या चिठ्ठीवर 'तिसरं वळण' निघालं आणि कुजबुज सुरू झाली. ताईने शांतपणे सांगितलं की अर्ध्यांनी गाड्या चालवायच्या, अर्ध्यांनी झेंडे धरायचे, आणि दुसऱ्या फेरीत अदलाबदल करायची.

सर्वांत शेवटी अध्यक्षांनी हात घातला. त्यांना शेवटचं वळण आलं, सगळ्यात जास्त धूळ उडते ते. हेल्मेटच्या तळाशी तरी एक चिठ्ठी उरलीच होती.

"हा काय पोरखेळ लावलाय?" अध्यक्ष लालबुंद झाले. "मी इथे गाडी चालवायला येतो, ताई. झेंडा धरायला नाही."

"मीपण गाडी चालवायलाच आले होते," ताई म्हणाली. "पहिल्या दिवशी. हेल्मेट घेऊन."

सगळ्यांच्या नजरा टेबलाकडे वळल्या. अध्यक्षांचा चेहरा उतरला. त्या दिवशी चिठ्ठ्या टाकायला काही सापडत नव्हतं, म्हणून ते हेल्मेट त्यांनीच तिच्या हातातून घेतलं होतं आणि त्याच हातात झेंडा दिला होता.

गाड्या तपासणारा मेकॅनिक कोपऱ्यातून उठला आणि ऑफिसामागे उभ्या असलेल्या ताईच्या गाडीचं बॉनेट उघडायला बाहेर गेला. ताईने उरलेली चिठ्ठी उघडली. अगदी मागची जागा होती. तिने हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा आवळला आणि एक पिवळा झेंडा उचलून अध्यक्षांच्या हातमोज्यात दिला.

"आजच्यापुरतं हं," ती म्हणाली.