मागच्या वर्षीचा फॉर्म

हरिश्चंद्रगडाखालचं जंगल कसं राखावं, याचं धोरण ठरवायला पुण्याची स्नेहल घरोघर माहिती लिहून घेत होती. वर्षभराने ती लहानूकडे पुन्हा आली, तेव्हा त्याची बायको छबू वारून चार महिने झाले होते. "बाबा, जंगलातून हिरडा किती आणता?" लहानूला ठाऊक नव्हतं. रानात छबूच जायची. "तिनं काय सांगितलं हुतं, ताई?" स्नेहलने छबूच्याच शब्दांत लिहिलेला जुना फॉर्म वाचला. "एकच टोपली. बाकीचा झाडाला ऱ्हाऊ देते." "तेच लिवा," लहानू हसला. सरपणाचं तेच, करवंदांचंही तेच. छबूचं बोलणं ऐकायला मिळतंय म्हणून तो पुढचा प्रश्न मागत राहिला. "जंगलात सोबत कोण असतं?" स्नेहल अडखळली. "वाचा की." "कुनी न्हाई. आमच्या मालकांना बोलावून थकले. एकटीच जाते." स्नेहलने नव्या फॉर्मवर पेन टेकवलं. "यंदाचं काय लिहू?" लहानूने छबूची टोपली उचलली. "लिवा, एकटाच जातो."