दणकट घर

जात्र्याची नात दवाखान्यातल्या खाटेवर हाडं दुखतात म्हणून कण्हत होती. "सून मीच पारखून आणली," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "पाड्यावर हिवतापानं माणसं मरायची, पण आमच्या घरात कुणी दगावलं नाही. तसंच दणकट घर हुडकलं."

डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या तपासणीचा कागद मिटला. "रक्तातल्या ज्या गुणानं तुमचे वाडवडील हिवतापातून तगले आणि तुमचा वंश वाढला, तो एकाच बाजूनं आला तर राखण करतो. आई-बाप दोघांकडून आला, की त्याचाच हा सिकलसेलचा आजार होतो, बाबा."

होळीआधी नात गेली. जात्र्याच्या धाकट्या मुलाच्या रक्तातही तोच गुण निघाला. पण त्याला डोंगरापलीकडची एक पोरगी आवडली होती, म्हणून जात्र्या बोलणी करायला गेला. मुलीच्या बापानं पाण्याचा तांब्या पुढे केला. तो हातात धरून जात्र्यानं आधी विचारलं, "तुमच्या घरात हिवतापानं कोण कोण गेलं?"

"एकही नाही," बाप छाती फुगवून म्हणाला. "आमचं रक्तच तसं आहे."

भरला तांब्या खाली ठेवून जात्र्या उठला. दाराआड उभी असलेली पोरगी अजून लाजतच होती.