जर्मनीत वाटलेल्या अक्षता

जर्मनीतल्या त्या गावच्या सभागृहात खुर्च्या दोनशे आणि माणसं सात, त्यातलंही एक पेंगत होतं. सभा होती युरोपच्या निवडणुकीवर बोलायला. महाराष्ट्रातल्या खडकवडीशी या गावाचं जोडगाव म्हणून नातं जुळलेलं, म्हणून तिथल्या सरपंच द्वारकाबाई पाहुण्या.

"उद्या पुन्हा सभा ठेवलीय. शंभर जण नाही जमले, तर खडकवडीशी केलेला करार मोडणार म्हणतात इथले मेयर," दुभाषी करंदीकरबाई कुजबुजल्या. "लोकांना बाहेरच्या जगाचं काही पडलेलंच नाही."

"बोलावलं कसं?"

"ईमेल केला होता."

"म्हंजे बोलावलंच नाही!" द्वारकाबाईंनी पदर खोचला.

सकाळी तांदळाला कुंकू चोळून त्या दारोदार निघाल्या. प्रत्येकाच्या तळहातावर अक्षता ठेवून मराठीतच बजावायच्या, "यायचं हं, वाट बघते." करंदीकरबाई मागून धापा टाकत जर्मनमध्ये फक्त जागा आणि वेळ सांगायच्या. एका भुंकणाऱ्या कुत्र्यालाही आमंत्रण मिळालं.

संध्याकाळी दोनशे बारा माणसं आणि ते कुत्रं हजर! तिथे तांदूळ लग्नात उधळतात, म्हणून निम्मे सुटाबुटात. एक आजोबा तर नवरीसाठी केक घेऊन.

करार मोडता मोडता वाचला. मेयर गहिवरून म्हणाले, "तुमच्या ग्रामसभेला केवढी गर्दी होत असेल!"

द्वारकाबाईंना आठवलं, खडकवडीत शिपाई रजिस्टर घरोघरी फिरवतो आणि लोक ओट्यावर बसूनच सह्या ठोकतात. उरलेल्या अक्षता त्यांनी पदराच्या टोकाला घट्ट बांधल्या आणि मनातल्या मनात आपल्या गावची दारं मोजायला घेतली.