ओला ब्रश

अल्जीयर्सच्या प्रयोगशाळेत फरूजा उंदरांच्या पिल्लांना रोज ओल्या ब्रशने कुरवाळायची, त्यांची आई चाटते तसं. अशी पिल्लं घाबरली तरी लवकर सावरायची. ताणाचा इशारा देणारं मेंदूतलं पेप्टाइडच त्यांच्यात कमी सुटायचं, म्हणून ताणाचं हार्मोन फार चढत नसे.

डोंगरातल्या गावी आजीकडे ठेवलेल्या लेकीला तिने फोन केला. "थानिना, या ईदलाही जमणार नाही गं राणी. पिल्लांवर रोज ब्रश फिरवावा लागतो."

"त्यांना आई नाहीये का, यम्मा?"

"आहे गं. पण आम्हीच तिला लांब ठेवलंय."

थानिना हळूच म्हणाली, "मग माझ्याकडे पण पाठव ना कुणाला तरी, ब्रश घेऊन."